यूपीएस वाजू लागला की आधी ऐका, मग हात लावा

यूपीएस (वीज गेली की संगणक बॅटरीवर चालू ठेवणारे खोके) वाजू लागला की बहुतेकांचा हात आधी आवाज बंद करायच्या बटणाकडे जातो. कृपया तसे करू नका. दुखणे कुठे आहे हे तो आवाजच सांगत असतो.

१. बीप मोजा. काही सेकंदांनी एकेक बीप म्हणजे यूपीएस बॅटरीवर चालू आहे. बीप भराभर यायला लागली की बॅटरी संपत आली. काम सेव्ह करून संगणक बंद करा. सलग आवाज बहुधा ओव्हरलोडचा (झेपेल त्यापेक्षा जास्त भार) किंवा आतल्या बिघाडाचा. मॉडेलप्रमाणे खुणा बदलतात, म्हणून माहितीपुस्तिकेतला तक्ता बघाच.

२. वीज आहे, तरी यूपीएस बॅटरीवरच? त्या सॉकेटला दुसरे काही लावून बघा. ते चालले तर यूपीएसच्या मागचे ब्रेकरचे (भार जास्त झाला की वीज तोडणारे) बटण बाहेर आले आहे का ते पाहा. आलेले असेल तर यूपीएस बंद करा, जोडलेले सगळे काढा आणि बटण एकदाच दाबा. पुन्हा बाहेर आले तर दुरुस्तीलाच न्या.

३. ओव्हरलोड असेल तर सगळ्या वायरी काढून एकेक परत जोडा. लेझर प्रिंटर यूपीएसवर मुळीच नको. तापताना तो एकदम खूप वीज ओढतो. आणि ६०० व्हीए (यूपीएसवर लिहिलेला क्षमतेचा आकडा) म्हणजे ६०० वॅट नव्हेत. अशा छोट्या यूपीएसवर बऱ्याचदा ३६० वॅटच लिहिलेले असतात.

४. आता बॅटरी. माझा पहिला संशय नेहमी हिच्यावरच असतो. नुसत्या व्होल्ट मोजायच्या मीटरवर विसंबू नका. माझ्याकडची एक १२ व्होल्टची बॅटरी मीटरवर चांगली १२.६ दाखवायची, पण ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून वीज बंद केली की मिनिटभरात यूपीएस गप्प. तुम्हीही असेच करा: रात्रभर चार्ज करा, संगणक काढून बल्ब लावा, सॉकेटचे बटण बंद करा आणि घड्याळ बघा. दोन-तीन मिनिटांतच बल्ब विझला तर बॅटरी बदलायला झाली. साधारण तीन ते पाच वर्षे हेच तिचे आयुष्य, आणि उष्णतेत तेही घटते.

५. जळका वास, फुगलेले खोके किंवा हाताला चटका बसेल इतकी उष्णता जाणवली तर वरचे काहीच करू नका. शक्य असेल तर भिंतीवरचे बटण बंद करा, लांब व्हा आणि जाणकाराला बोलवा. प्लग काढला तरी बॅटरीमुळे आत धोका राहतोच, तेव्हा खोके उघडू नका. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, त्यात शिसे असते. विक्रेत्याकडे परत द्या. नवी बसवली की तिच्यावर मार्करने तारीख लिहून ठेवा.