वेव्ह काउंट मांडताय? तो कुठे मोडेल तेही लिहा

भाव मुख्य दिशेने पाच लाटांत आणि उलट्या दिशेने ए-बी-सी अशा लाटांत चालतो, हे इलियटचं म्हणणं; चार्टवर या लाटा मोजून नावं देणं म्हणजे वेव्ह काउंट. त्याचे तीन नियम तुम्हाला पाठ असतीलच. दुसरी लाट पहिलीच्या सुरुवातीपलीकडे जात नाही, तिसरी ही पहिली-तिसरी-पाचवीत सर्वांत छोटी नसते आणि डायगोनल (पाचरीसारखा आकार) सोडला तर चौथी पहिलीच्या हद्दीत शिरत नाही. एवढं एका दुपारीत जमतं. जीव काढतं ते करेक्शन, म्हणजे मुख्य दिशेविरुद्धची ए-बी-सी चाल.

२०२० चा निफ्टी उघडा. २० जानेवारीला १२,४३०, २४ मार्चला ७,५११. ही पडझड 'ए', नंतरची चढण म्हणजे 'बी' लाट, आता 'सी' येऊन तळ तोडणार, असं माझ्यासारख्या बऱ्याच जणांनी धरलं होतं. ६१.८ टक्के रिट्रेसमेंट (पडझडीतला तेवढा भाग भरून निघणं) १०,५५० च्या आसपास येत होतं. जुलैत ते ओलांडलं. काउंट मोडला? छे! 'बी' ७८.६ पर्यंत जाऊ शकते की. ऑगस्टमध्ये तेही मागे पडलं, मग 'हा फ्लॅट आहे', म्हणजे 'बी' जवळजवळ 'ए'च्या सुरुवातीपर्यंत परतणार. नोव्हेंबरमध्ये १२,४३० पार झाला, तर 'एक्सपांडेड फ्लॅट', 'बी' सुरुवातीच्याही पलीकडे! यातलं काहीच नियमाबाहेर नाही, आणि घात तिथेच आहे. करेक्शनमध्ये भाव कुठेही गेला तरी त्याला बसणारं नाव सापडतं. काउंट जिवंत राहतो, शॉर्ट घेतलेल्याचं, म्हणजे भाव पडेल म्हणून आधी विकलेल्याचं, खातं राहत नाही.

म्हणून सौदा घेण्याआधी एक आकडा लिहा, ज्याच्यापुढे तुमचा काउंट रद्द. दुसरी लाट संपली असं वाटत असेल तर पहिलीची सुरुवात हाच तो आकडा. स्टॉपलॉस (तोटा थांबवायचा भाव) फार तर तिथे. तो तुटल्यावर नवा काउंट खुशाल मांडा, पण जुना सौदा त्याच्या जिवावर धरून ठेवू नका. करेक्शनच्या पोटात असा पक्का आकडा क्वचितच मिळतो. सुरुवातीला तिथे बघत बसा, सौदा नको.

जुन्या चार्टवर झरझर आकडे टाकणाऱ्या गुरूला माझ्या लेखी किंमत नाही. चार्टची उजवी बाजू झाकून 'आता मोज' म्हणणारा मिळाला तर त्याला सोडू नका. आपोआप काउंट लावणारी सॉफ्टवेअरं? नजर बसेपर्यंत नकोच.

आणि शिकायला ऑप्शन वापरू नका. बाजार नियामक सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ मध्ये एफ अँड ओमधले (फ्युचर्स आणि ऑप्शन) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले.

काउंट सारखे पुसावे लागतात म्हणून मात्र खचू नका. सगळ्यांचे पुसले जातात. इलियट स्वतः अकाउंटंट होता आणि साठीच्या आसपास, आजारपणात या चार्टांकडे वळला. तुम्ही निफ्टीच्या वीकली चार्टपासून सुरू करा. पाच मिनिटांचा बँक निफ्टी नंतर बघू.