हिवाळ्यात फ्लाइंग सुरू करताय? या चुका टाळा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा विदर्भात विमान शिकायला उत्तम काळ. हवा शांत, दुपारच्या उन्हाळी हेलकाव्यांचा त्रास नाही. नेमकी त्यामुळेच नवी मुलं गाफील राहतात. इन्स्ट्रक्टर म्हणून दर वर्षी त्याच चुका बघतो.

सर्वांत घातक समज: आपल्याकडे कुठला आलाय बर्फ? शिकाऊ विमान सेसना १५२चं इंजिन कार्ब्युरेटरवर, म्हणजे हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागावर चालतं. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, इंधनाची वाफ होते आणि तिथलं तापमान वीसेक अंशांनी उतरू शकतं. बाहेर १४ अंश आणि हवा दमट, एवढं बर्फ धरायला पुरतं.

एका डिसेंबरात सकाळी सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, चालू होत्या. विद्यार्थ्याने थ्रॉटल (इंजिनाची ताकद) कमी केला, पण कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब, ओढायला विसरला. बेसवर, म्हणजे उतरण्याआधीच्या आडव्या टप्प्यावर, वळताना इंजिन थरथरायला लागलं. मी सांगितल्यावर त्याने नॉब ओढला. आरपीएम आणखी घसरले, इंजिन खोकलं आणि घाबरून त्याने नॉब परत आत ढकलला. घोडचूक हीच. वितळलेलं पाणी इंजिनात जात असताना ते काही क्षण आणखी वाईटच चालणार. मी नॉब पूर्ण बाहेर ओढून धरून ठेवला, तेव्हा कुठे आवाज सुधारला. उतरल्यावर तो म्हणाला, "सर, मला वाटलं मीच बिघडवलं."

माझी सवय सांगतो. थ्रॉटल मागे घ्यायच्या आधी कार्ब हीट, आणि तीही पूर्ण. डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट्या दिशेच्या टप्प्यावर, दर वेळी ओढून बघतो: आरपीएम उतरून तिथेच थांबले तर बर्फ नाही, उतरून पुन्हा वर चढले तर बर्फ होता.

दुसरी चूक इंधनाच्या ड्रेनची, म्हणजे उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन कपात काढून तपासण्याची. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली की आत पाणी धरतं, आणि ते तळाशी बसतं. मुलं कपात बघतात, सगळं एकसारखं नितळ दिसतं आणि "ओके" म्हणतात. अरे, कपात नुसतं पाणीच असलं तरी ते नितळच दिसेल! १००एलएल हे विमानाचं पेट्रोल निळसर असतं. कप पांढऱ्या कागदासमोर धरा, वास घ्या. टाक्या आदल्या संध्याकाळीच भरून ठेवा.

इंजिन सुरू होईना म्हणून थ्रॉटल पंपासारखा मागेपुढे करू नका, आग लागते. काचेवरचं दव वर्तमानपत्राने पुसू नका, चरे पडतात. मेटार या विमानतळाच्या हवामान अहवालातली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा.

आणि धुकं. व्यावसायिक पायलट परवान्याचे २०० तास पुरे करायची घाई झालेला मुलगा वर मान करून म्हणतो, "सर, आकाश निळं आहे, जाऊ या." वरून सरळ खाली बघितलं तर धावपट्टी दिसतेही. पण फायनलवर, म्हणजे उतरतानाच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, तिरपं, समोर कोवळं ऊन असताना बघा, काहीच दिसत नाही. सूर्य उगवल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास धुकं कधी कधी आणखी दाटतं. तापमान आणि ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला दव धरतं) यांत दोनच अंशांचं अंतर असेल तर मी विमानाचे दोर सोडत नाही, आणि पाच किलोमीटर दिसल्याशिवाय कुणाला सोडत नाही. तोवर कॉकपिटमध्ये बसा, डोळे मिटा आणि एकेका नॉबवर न चुकता हात जातो का बघा. सुरुवात कार्ब हीटपासून करा.