शेवटची नोटीस कुठली? : ऑनलाइन सत्रात कायदा शिकताना

तिसऱ्या सत्राच्या निकालात एका विषयाच्या अंतर्गत गुणांसमोर माझ्या नावापुढे 'गैरहजर' आलं. असाइनमेंट मी केली होती. हाताने लिहिलेली बारा पानं, फोनने स्कॅन करून, मुदतीच्या दोन दिवस आधी मेलवर पाठवली होती. पण मेलवर पाठवा ही पहिली नोटीस होती. चार दिवसांनी दुसरी निघाली: मेलवर आलेल्या प्रती ग्राह्य धरणार नाही, गूगल फॉर्मवरच अपलोड करा. ती वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडली त्या संध्याकाळी परीक्षा होणार की नाही यावर ग्रुपवर दोनशेच्या वर मेसेज चालले होते. त्यात ती कधी वर सरकून गेली ते मला कळलंच नाही.

हे २०२० सालचं. मी मुंबईत तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला होते. लालबागला चाळीत एक खोली, घरात चार माणसं. मार्चपर्यंत कॉलेजचा नोटीस बोर्ड जिन्याशेजारी होता, येता-जाता नजर पडायची, कोणीतरी कोपर मारून "वाचलंस का?" म्हणायचं. ते सगळं एका दिवसात बंद झालं. आता तुमच्यापैकी ज्यांचं सत्र पूर्ण किंवा अर्धं ऑनलाइन आहे, किंवा जे कर्जत-पालघरहून रोज येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं एक सत्र ज्या गोष्टी शिकण्यात गेलं, त्या तुम्हाला पहिल्याच आठवड्यात माहीत असाव्यात.

पहिली गोष्ट, फॉरवर्ड आलेला स्क्रीनशॉट म्हणजे नोटीस नव्हे. नोटीस म्हणजे जिच्यावर जावक क्रमांक आहे, दिनांक आहे, सही आहे आणि जी कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सापडते. स्क्रीनशॉटमध्ये बहुतेक वेळा नेमका वरचा भाग कापलेला असतो, म्हणजे तारीखच गेलेली असते. मूळ पीडीएफ उघडा, तारीख बघा आणि मग त्याच पानावर त्या तारखेच्या वर काही आलंय का ते बघा. शुद्धिपत्रक, मुदतवाढ, बदललेली लिंक हे सगळं नेहमी वर असतं. आधीची नोटीस कोणी काढून टाकत नाही. ती तशीच खाली राहते आणि तितकीच खरी दिसते.

त्या 'गैरहजर'नंतर मी घरातल्या कालनिर्णयचा आधार घेतला. आई त्यावर दुधाचा खाडा आणि गॅसची तारीख लिहायची, मी लाल पेनाने माझ्या तारखा लिहायला लागले: परीक्षा अर्ज, असाइनमेंट, तोंडी परीक्षा. तारखेशेजारी कंसात नोटिशीचा दिनांकही. मुदत बदलली की जुनी तारीख खोडायची, नवी लिहायची, नव्या नोटिशीचा दिनांक लिहायचा. रोज रात्री जेवणं झाल्यावर दहा मिनिटं दोन संकेतस्थळं आणि मेल बघायचा, आणि ग्रुप सगळ्यात शेवटी. फोनवरचं कॅलेंडरही चालेल, पण आमच्या घरात फोन दोघांत एक होता. भिंत सगळ्यांना दिसायची, त्यामुळे आईच विचारायची, "आज लाल काहीतरी आहे ना गं?"

फोन दोघांत एक होता म्हणून आणखी एक नुकसान झालं. ऑनलाइन वर्गात मी भावाच्या नावाने दिसत होते. हजेरी नावावरून लागायची. वकिली आणि कायदेशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरीची अट आहे, आणि माझी दोन आठवड्यांची तासिकांची हजेरी कुठेच नव्हती. वर्गात शिरताना आपलं पूर्ण नाव आणि रोल नंबर आधी टाका. वर्ग सुटताना सहभागींच्या यादीचा एक फोटो काढून ठेवा. पाठवलेल्या प्रत्येक मेलचा, भरलेल्या प्रत्येक फॉर्मच्या पोचपावतीचा एक फोल्डर ठेवा. माझे अंतर्गत गुण शेवटी मिळाले ते याच जोरावर: पाठवलेल्या मेलचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट आणि दोन्ही नोटिशींच्या प्रती जोडून एक पानाचा अर्ज केला. तीन आठवडे लागले. अर्जात तक्रारीचा सूर ठेवला नाही. घटना तारखेनुसार लिहिल्या, शेवटी विनंती. वादपत्र, म्हणजे दिवाणी दावा ज्या कागदाने दाखल होतो तो, असंच लिहितात हे पुढे कळलं.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत तर हे फारच जपा. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज भरला म्हणजे काम झालं असं समजून आमच्या वर्गातली दोन मुलं गप्प बसली. कागद अपुरा असला की अर्ज परत पाठवला जातो, आणि ते तुम्ही लॉगिन करून बघितल्याशिवाय कळत नाही. उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल आधी काढून ठेवा, बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते पाहा, आणि दर वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा भरावा लागतो हे विसरू नका. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचं नाव घरात कोणालाच माहीत नसतं आणि फी भरायला दागिने गहाण पडतात, हे मी शेजारच्याच खोलीत पाहिलंय. म्हणून आग्रहाने सांगते, कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात पहिल्या महिन्यातच फोन करून विचारा.

आता इंटर्नशिप. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करायची असते आणि तिची डायरी ठेवायची असते. घरून शिकताना मोबाइलवर रोज चार-पाच जाहिराती येतात: पैसे भरा, दोन आठवडे ऑनलाइन काम करा, प्रमाणपत्र घ्या. यातल्या बहुतेक ठिकाणी काम नसतंच, फक्त प्रमाणपत्र असतं. इंटर्नशिपसाठी पैसे मागितले की मी तिथेच थांबते. त्यापेक्षा आपल्या भागातल्या एखाद्या वकिलांना फोन करा. मी दादरच्या एका वकीलबाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, "मला टायपिंग नको, वाचणारं माणूस पाहिजे." त्यावेळी फोनवरूनच काम सुरू झालं. २१ ऑक्टोबर २०२० पासून बायकांना ठरावीक वेळेत लोकलने जायला मिळालं, तेव्हा करी रोडहून दुपारची गाडी धरून त्यांच्या ऑफिसला जायला लागले.

त्यांनी दिलेलं पहिलं मोठं काम सांगते. एका पक्षकाराचा चेक फेब्रुवारी २०२० मध्ये न वटता परत आला होता. चेक न वटण्याबद्दलच्या, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या, कलम १३८ खाली चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची, समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते संपल्यापासून एका महिन्यात तक्रार. नोटीस वेळेत गेली होती. तक्रारीचा महिना मात्र ऐन लॉकडाउनमध्ये सरला होता आणि ते गृहस्थ आले ऑक्टोबरात. मॅडमनी विचारलं, "मुदत गेली का? शोध."

मी सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरून २३ मार्च २०२० चा आदेश काढला. न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात, १५ मार्च २०२० पासून सगळ्या मुदती वाढवल्या होत्या. आनंदाने प्रिंट घेऊन गेले. मॅडमनी चष्मा वर करून तारीख पाहिली आणि एवढंच विचारलं, "हा मार्चचा. ह्याच्यानंतर काही आलं का?"

मी गप्प. परत शोधलं तर ६ मे २०२० चा आदेश सापडला. त्यात कलम १३८ आणि १९९६ च्या लवाद कायद्याचं नाव घेऊन त्यांच्याखालच्या मुदतीही वाढवल्याचं स्पष्ट म्हटलं होतं. आमच्या पक्षकाराला नेमका तोच पाहिजे होता. नंतर याच प्रकरणात आणखी आदेश येत राहिले, आणि १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला. मधला एखादाच आदेश हातात असलेला माणूस प्रत्येक टप्प्यावर चुकला असता. त्या दुपारी घरी येताना मला असाइनमेंटची ती दुसरी नोटीस आठवत राहिली. दोन्हीकडे मी एकच चूक केली होती: पहिला कागद सापडला आणि शोधायचं थांबले.

साधनांची चिंता करू नका, फुकट मिळणारं पुष्कळ आहे. निवाड्यांसाठी इंडियन कानून हे संकेतस्थळ आहेच. तिथे वाचा, पण दाखवायची प्रत न्यायालयाच्या संकेतस्थळावरून काढा. तुम्हाला आमच्यापेक्षा एक मोठी सोय आहे: २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निवाडे न्यायालयाच्याच ई-एससीआर या संकेतस्थळावर मोफत मिळतात. केंद्राचे कायदे इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर बघा. बाजारातल्या जुन्या बेअर अ‍ॅक्टवर (कायद्याचा नुसता मजकूर असलेल्या पुस्तकावर), विशेषतः फौजदारी विषयांत, अजिबात विसंबू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि कलमांचे क्रमांकच बदललेत. मोठ्या भावंडांची पुस्तकं मिळाली तर संकल्पना त्यातून समजून घ्या, कलम मात्र नव्या संहितेतून लिहा. जिल्हा किंवा उच्च न्यायालयातल्या एखाद्या प्रकरणाचं काय झालं ते ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर दिसतं. एखादं ओळखीचं प्रकरण धरून त्याच्या तारखा वर्षभर पाहत राहा, दिवाणी प्रक्रिया आपोआप डोक्यात बसते.

मराठी माध्यमातून आलेल्यांना एक खास सांगते. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश ऑनलाइन बघता येतो. इंग्रजी व्याख्यान चालू असताना मी शेजारी एक वही ठेवायचे आणि प्रत्येक नव्या शब्दापुढे मराठी शब्द लिहायचे: प्रतिज्ञापत्र, लेखी कैफियत, मनाई हुकूम. आपल्याला इंग्रजी कमी येतं याची लाज वाटून मी पहिलं वर्षभर वर्गात तोंड उघडलं नव्हतं. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत मराठी चालते, आणि तिथे ही वही मला फार उपयोगी पडली.

ऑनलाइन काळात एक दार उघडलं ते मात्र आधी कधीच नव्हतं. न्यायालयाचं कामकाज लोकांना थेट बघता यावं यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांमध्ये स्वप्निल त्रिपाठी नावाचा कायद्याचा विद्यार्थी होता. २०१८ मध्ये न्यायालयाने ते तत्त्व मान्य केलं. २६ ऑक्टोबर २०२० पासून गुजरात उच्च न्यायालयाने यूट्यूबवर थेट प्रक्षेपण सुरू केलं. चाळीच्या गॅलरीत स्टूल टाकून, कानात एक इअरफोन मला आणि एक वडिलांना, असं आम्ही ते पाहिलं आहे. वडील गिरणी बंद झाल्यापासून कोर्टाच्या पायऱ्या चढलेले, पण आत काय बोलतात ते त्यांना कधी नीट ऐकूच आलं नव्हतं. ते म्हणाले, "एवढं शांतपणे बोलतात होय?" सर्वोच्च न्यायालयात घटनापीठाच्या सुनावण्या सप्टेंबर २०२२ पासून थेट दिसतात. अभिरूप न्यायालयाच्या (मूट कोर्टच्या, म्हणजे काल्पनिक खटला लढवण्याच्या) स्पर्धेला उतरणार असाल तर आधी अशा सुनावण्या ऐका. न्यायमूर्ती मध्येच प्रश्न विचारतात तेव्हा वकील वाक्य अर्धवट सोडून आधी उत्तर कसं देतात, ते टिपून ठेवा. ऑनलाइन स्पर्धांना प्रवासाचा खर्च नसतो, म्हणून आम्ही तिघीजणी दोन स्पर्धांत उतरू शकलो. एरवी दुसऱ्या शहरात जाणं परवडलंच नसतं.

आणि घरात बसून कायदा शिकत असलात तरी चाळीत, सोसायटीत लोक तुम्हाला वकीलच समजतात. सल्ला देऊ नका, तो अधिकार अजून नाही. पण रस्ता दाखवू शकता. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, दिव्यांगांना, कोठडीतल्या माणसांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन १५१०० आहे. आमच्या मजल्यावरच्या एका ताईंना मी तो नंबर कागदावर लिहून दिला होता. त्यांनी तो घडी करून पदराच्या टोकाला बांधला. त्यांनी फोन केला.

मी आता त्याच मॅडमकडे ज्युनिअर आहे. दुसऱ्या दिवशीचं बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या प्रकरणांची यादी, संध्याकाळी लागतं, आमच्या मॅटर कितव्या नंबरला आहेत ते मी त्यांना कळवते. पण मुंबई उच्च न्यायालयात सप्लिमेंटरी बोर्डही, म्हणजे पुरवणी यादीही, निघतं. म्हणून जेवणं झाली, भांडी झाली की पुन्हा एकदा संकेतस्थळ उघडून बघते, नवीन काही आलंय का.