पांढरे केस पाहून दिलेली स्की घेऊ नका

माझी जुनी स्की १९८ सेंटीमीटरची होती. १९९१ साली घेतलेली, पट्टीसारखी सरळ, आणि वयाच्या ५८व्या वर्षापर्यंत मी ती सोडली नाही. पुण्याहून म्युनिकला शिकायला आले, त्या पहिल्याच हिवाळ्यात मैत्रिणी मला लेंगग्रीसजवळच्या ब्राउनेक डोंगरावर घेऊन गेल्या. तेव्हापासून हिवाळ्यातला शनिवार म्हटला की मी तिथेच. त्यामुळे नवी स्की घ्यायला गेले तेव्हा वाटलं, यात विचारण्यासारखं काय आहे? दुकानदाराने माझे पांढरे केस पाहिले आणि एक हलकी, मऊ स्की हातात दिली. मीही घेतली. जानेवारीतल्या सकाळी, रात्रभर गोठलेल्या उतारावर तिची धार बर्फ धरेना. प्रत्येक वळणाला ती घसरायची, आणि तिला सावरता सावरता अकरा वाजेपर्यंत माझ्या मांड्या भरून आल्या.

वय झालं म्हणून नवशिक्याची स्की लागते, हे खरं नाही. मऊ स्की सावकाश जाताना सहज वळते, पण कडक बर्फावर जरा वेग घेतला की तिचं टोक थरथरतं, ती पिळवटते आणि ते सगळं तुमच्या गुडघ्यांना थोपवावं लागतं. ज्याला वळण नीट घेता येतं, त्याला स्थिर स्की कमी दमवते. आत लाकडाचा गाभा आणि टायटॅनलचा पातळ थर असलेली बघा. टायटॅनल म्हणजे टायटेनियम नव्हे. तो ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे आणि स्कीची थरथर कमी करतो. शर्यतीच्या जातीची, जाड थरांची स्की मात्र मी घेणार नाही. तिला सतत वेग आणि जोर लागतो, शिवाय गाडीपासून लिफ्टपर्यंत ती खांद्यावर वाहायची असते.

स्कीवर तीन आकडे छापलेले असतात, समजा १२४-७६-१०८. टोक, कंबर आणि शेपूट यांची ही मिलिमीटरमधली रुंदी. आपल्या जुन्या स्कीत या तिन्हींत फारसा फरक नसे. १९९०च्या दशकात स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने खोल कंबरेची एससीएक्स आणली, इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या, आणि सरळ स्की मागे पडली. अशी स्की धारेवर कलली की मध्ये वाकते आणि आपल्याच कमानीवरून वळत जाते. त्या वळणाची त्रिज्याही मीटरमध्ये लिहिलेली असते. १४ ते १६च्या आसपासची घ्या. १२ची स्की तुम्हाला सारखी वळायला लावते, लांब निवांत वळण घेऊ देत नाही.

सगळ्यात जास्त विचार कंबरेचा करा. सध्या रुंद स्कीचं फार कौतुक आहे, आणि ताज्या खोल बर्फात ते रास्तच आहे, कारण रुंद स्की वर तरंगते. पण तयार केलेल्या कडक उतारावर सगळा भार धारेवर येतो. १०० मिलिमीटरच्या स्कीची धार पावलाच्या मध्यापासून ५० मिलिमीटर दूर असते, ७६च्या स्कीची ३८. जितकी दूर, तितकी स्की सपाट व्हायला बघते आणि तितकं घोटा-गुडघ्याला तिला धरून ठेवावं लागतं. ब्राउनेकचा माथा जेमतेम १,५५५ मीटरचा. तिथे सकाळी काचेसारखा बर्फ असतो आणि दुपारी लगदा. मी ७६ची घेतली. तुमचे दिवस मुख्यतः अशाच उतारांवर जात असतील तर ७२ ते ८२च्या बाहेर जाऊ नका, नातवंडं कितीही आग्रह करोत.

हात वर करून मनगटापर्यंत स्की मोजायचो, तो हिशेब विसरा. आता हनुवटी ते नाक. टोक आधीपासून वर उचललेलं असेल, ज्याला रॉकर म्हणतात, तर पाच सेंटीमीटर जास्त चालतील, कारण त्या स्कीचा बर्फाला टेकणारा भाग कमी असतो. थोडासा रॉकर दुपारच्या लगद्यात फार उपयोगी पडतो. 

विकत घेण्याआधी भाड्याने घेऊन चालवा. इथली काही दुकानं ते भाडं नंतर किमतीतून वजा करतात. आधी विचारून ठेवा. एकाच उतारावर सकाळी नऊला आणि दुपारी दोनला, दोन्ही वेळा उतरा. निघण्यापूर्वी अंगठ्याचं नख धारेवर आडवं हलकेच ओढून बघा. नखाचा पांढरा कीस निघाला नाही तर धार बोथट आहे, आणि बोथट धारेवर चांगली स्कीही वाईट ठरते. पहिल्या दोन फेऱ्यांत मत बनवू नका. आपण पावलं चिकटवून, अंग वर उचलून, टाचा ढकलून वळायला शिकलो. नव्या स्कीवर पावलं एकमेकांपासून आपल्या कमरेच्या रुंदीइतकी लांब ठेवा, दोन्ही स्की एकदम कलवा आणि त्या आपोआप वळेपर्यंत थांबा. ते थांबणं जमायला मला तीन दिवस लागले.

बुटांकडेही बघा. १५-२० वर्षांचं प्लास्टिक ठिसूळ होतं, बाहेरून कळतही नाही. नवे बूट बहुधा ग्रिपवॉक तळाचे, म्हणजे चालायला सोपं जावं म्हणून वळणदार तळाचे असतात आणि जुन्या बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या पकडीत, ते बसवायचे नसतात. बाइंडिंगवर तसं लिहिलेलं पाहिजे.

बाइंडिंगच्या बाबतीत खोटं बोलू नका. ती किती घट्ट ठेवायची याचा आकडा ठरवताना आयएसओ ११०८८ या मानकाचा तक्ता वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी, चालवण्याची पद्धत आणि वय विचारतो. पन्नाशीनंतर तो एक पायरी खाली उतरवतो, म्हणजे पडल्यावर पाय लवकर सुटतो. "मी चाळीस वर्षं स्की करते, घट्ट ठेवा" असं मीही एकदा म्हणाले होते. त्या वर्षी पडले तेव्हा उजवी स्की सुटली नाही आणि गुडघा सहा आठवडे पट्ट्यात होता. आता तो आकडा, तळाची लांबी आणि तारीख एका कागदावर लिहून जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवते. दर नोव्हेंबरला वजन करते, आहे तेच सांगते आणि दुकानातल्या यंत्रावर बाइंडिंग सुटतं का ते समोर उभी राहून बघते.