कडेवर पोर, दारात शेळी

घड्याळाला बांधलेलं वेळापत्रक रांगत्या पोराच्या घरात टिकत नाही. मी दिवसाचे दोनच खुंटे पक्के धरते: सकाळची धार आणि दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यात. धार लांबली की शेळीची कास तटतटते, आणि खुराडं उघडं राहिलं की मुंगूस आलंच म्हणून समजा. बाकी सगळं पोराच्या झोपेवर.

ते झोपलं की आधी विळ्या-कोयत्याचं आणि चुलीजवळचं काम उरका. शेंगा सोलणं, भांडी त्याच्यासमोरही होतात. झाडांना पाणी घालताना त्याच्या हातात छोटा तांब्या द्या. अर्धं अंगावर सांडेल, सांडू दे. पिंप आणि हौद मात्र कायम झाकलेला, तिथे लाड नाहीत.

मेथी एकदम पेरू नका. आठ-दहा दिवसांनी एकेक वाफा टाका. महिनाभरात पहिली जुडी निघते, आणि मधला एखादा वाफा राहिला तरी भाजी तुटत नाही. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवताना 21 दिवस पुढे मोजा. पिल्लं निघायची नि पोराच्या लसीची तारीख एकच नको.

पोराला ताप आला की धार, चारा, पाणी एवढंच. खुरपणी शेजारच्या काकूंकडे, बदल्यात अंडी.