पेलेट्रॉनची टाकी उघडताना

कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1988 पासून पेलेट्रॉन आहे, म्हणजे आयनांना वेग देणारं यंत्र. त्याच्या टर्मिनलला, म्हणजे आतल्या सगळ्यात जास्त व्होल्टेजच्या भागाला, 1 कोटी 40 लाख व्होल्टपर्यंत नेण्यासाठी बांधलेला. असलं यंत्र इतकी वर्षं टिकतं ते वेळच्या वेळी यंत्राभोवतीची वायूची टाकी उघडून केलेल्या कामामुळे. या कामात नवीन आलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय.

आधी टाकीतला सल्फर हेक्झाफ्लोराइड, म्हणजे स्पार्क रोखणारा वायू, पूर्ण खेचून साठवणीच्या टाक्यांत घ्या. हवेत सोडायचा नाही. पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या 20 हजार पटींहून जास्त भारी आहे. शिवाय हवेपेक्षा पाचपट जड, त्यामुळे तळाशी साचून राहतो. पंख्याने ताजी हवा भरा आणि ऑक्सिजन मीटर दोरीने थेट तळापर्यंत सोडा. दाराशी 20.9 टक्के दिसले म्हणून आत पाय टाकू नका. एक माणूस कायम दाराशी हवा. आत पांढरी भुकटी दिसली तर हात लावू नका. स्पार्कमुळे वायू फुटून ती तयार होते आणि विषारी असते. मास्क, हातमोजे घालूनच ती काढायची.

मग टर्मिनलला विद्युतभार पोचवणारी साखळी. धातूच्या गोट्या आणि त्यांना जोडणारे नायलॉनचे दुवे. मी ती हाताने सावकाश फिरवतो, एकेका दुव्याच्या पिनपाशी थांबतो. पिन सैल लागली, नायलॉनला काळी रेघ दिसली, की दुवा बदलायचा. पुलीखाली नायलॉनचा भुसा जास्त पडला असेल तर पुलीची सरळ रेषा तपासा. टर्मिनलमधल्या, आयनांचे इलेक्ट्रॉन काढणाऱ्या कार्बनच्या पातळ फॉइल्स याच वेळी भरून घ्या.

जुन्या यंत्रात कोरोनाच्या सुया (टोकांतून वायूत वीज झिरपवून टर्मिनलचं व्होल्टेज एकेका रिंगवर पायरीपायरीने वाटणाऱ्या) असतील तर त्यांच्या जागी रेझिस्टर बसवणं ही माझ्या मते सगळ्यात मोलाची सुधारणा. सुया झिजतात आणि व्होल्टेजची वाटणी बिघडते. प्रत्येक रेझिस्टर मोजून आकडा वहीत लिहा.

सफाईत घाई नको. एकदा बंद केलेल्या टाकीत नेहमीपेक्षा खूप आधीच स्पार्क येऊ लागले. पुन्हा सगळा वायू काढला, दिवसच्या दिवस गेले, आणि एका रिंगवर पुसण्याच्या फडक्याचा बोटभर धागा सापडला. तेव्हापासून धागे न सुटणारंच फडकं वापरतो, आणि शेवटी दिवे मालवून बॅटरी तिरकी धरून प्रत्येक रिंग पाहतो. आत नेलेला प्रत्येक पाना बाहेर आल्यावर यादीत खूण करायची.

वायू परत भरण्याआधी टाकीतली हवा पंपाने काढा, वायू ड्रायरमधून फिरवा. व्होल्टेज थोडं थोडं चढवा. एक्स-रे किंवा व्हॅक्यूमचा काटा उसळला की तिथेच थांबा, तो खाली बसू द्या, मग पुढची पायरी.