कड्यावरचे थर आणि भेगा वाचताना या चुका टाळा

सह्याद्रीच्या कड्यावर आडवी रेघ दिसली की तिला गाळाचा थर म्हणून नोंदवले जाते. पुढची सगळी मोजमापे याच चुकीवर उभी राहतात. माळशेज घाटात दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्हाचे प्रवाह आहेत. तिथे रेघेपेक्षा दगडाचा पोत बघा, तोही खालून वर. तळ बारीक कणांचा असतो आणि त्यात कधी उभ्या नळ्यांसारखी छिद्रे दिसतात. मधला भाग घट्ट काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. माथा सच्छिद्र, छिद्रांत झिओलाइट किंवा कॅल्साइट ही खनिजे भरलेली. वर गेरूसारखी तांबडी पट्टी मिळाली तर हद्द पक्की. पण ती प्रत्येक प्रवाहावर नसते.

इथेच दुसरी फसगत होते. एकाच उद्रेकातले लाव्हाचे छोटे लोंढे एकमेकांवर चढतात आणि प्रत्येकाला स्वतःचा सच्छिद्र माथा असतो. प्रत्येक माथा वेगळा प्रवाह म्हणून मोजला तर संख्या उगाच फुगते. हद्द धरून आडवे चालत जा. काही मीटरांत ती निमुळती होऊन संपली, तर तो फक्त एक लोंढा होता.

कांद्यासारखे सुटणारे गोल पापुद्रे म्हणजे थर नव्हेत. भेगांतून शिरलेल्या पाण्याने दगड कडेकडून कुजला की ते तयार होतात.

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखे खांब लाव्हा थंड होताना आकसल्यामुळे घडतात आणि थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात वाढतात. म्हणूनच उभ्या डाइकमध्ये, म्हणजे भेगेत शिरून थिजलेल्या लाव्हाच्या भिंतीत, खांब आडवे पडलेले दिसतात. तिरपे खांब पाहून प्रवाहच कलला असे लिहू नका.

चंद्रपूरकडच्या गोंडवाना (जुन्या गाळखडकांचा गट) वालुकाश्मात चूक वेगळी होते. वाहत्या पाण्याने रचलेले तिरके पापुद्रे मूळचेच ३० अंशांपर्यंत कललेले असू शकतात. कल मोजायचा तो त्या पापुद्र्यांच्या संचांना वर-खाली बांधणाऱ्या मुख्य थराचा.

भेगांमधले अंतर एकाच कातळभिंतीवर मोजू नका, कारण भिंतीला समांतर असलेल्या भेगा तिथे जवळजवळ दिसतच नाहीत. एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन भिंतींवर १० मीटर टेप लावा आणि प्रत्येक भेगेचा टेपशी होणारा कोन लिहा. खरे अंतर = टेपवरचे अंतर × त्या कोनाचा साइन. टेपवर ६० सेंमी आणि कोन ३० अंश असेल, तर खरे अंतर ३० सेंमीच. कोन २० अंशांखाली गेला की ते माप सोडून टेपची दिशा बदला.

खाणीत आधी सुरुंगाच्या भेगा वगळा: त्या ताज्या, डाग नसलेल्या आणि सुरुंगासाठी पाडलेल्या छिद्राच्या अर्धगोल खुणेपासून फाकणाऱ्या असतात. जुन्या भेगेत लोहाचा डाग किंवा खनिज भरलेले सापडते. भेगेला प्रस्तरभंग (जिच्या दोन बाजू सरकल्या आहेत अशी भेग) म्हणण्याआधी दोन्ही बाजूंची तांबडी पट्टी जुळवा. ती सरकलेली नसेल तर नुसती भेग लिहा.

बेसाल्टमधल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाने कंपासची सुई भरकटते. कंपास कातळाला टेकवू नका. मीटरभर मागे उभे राहून भेगेच्या रेषेत दिशा घ्या, मग समोरच्या टोकाला जाऊन उलटी दिशा तपासा. दोन वाचनांत १८० अंशांचा फरक आला नाही, तर जागा बदलून पुन्हा घ्या. हातोडा आणि मोबाइल त्या वेळी दूर ठेवा.